दिसतं ते सगळं तुझं

माइंत्सच्या त्या ऑफिसात मुलाखतीला गेले तेव्हा मी काही वर्षं घरीच होते. नवऱ्याला र्युसेल्सहाइमच्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही पुण्याहून आलो. मग मुलगी झाली, मग तिला किटामध्ये म्हणजे पाळणाघरात जागा मिळण्याची वाट बघण्यात बराच काळ गेला. पुण्यात मी एका सॉफ्टवेअर कंपनीत फ्रंटएंडचं काम करायचे. डिझायनरने वेबसाइटच्या पानाचं चित्र तयार करून द्यायचं आणि मी ते कोडमध्ये उतरवायचं, म्हणजे ते ब्राउझरमध्ये उघडलं पाहिजे, बटणं दाबली गेली पाहिजेत, मेनू उलगडला पाहिजे. माहिती कुठे साठते, सर्व्हर कसा चालतो, ते दुसरी माणसं बघत. मला माझं काम आवडायचं, आणि ते कुठे संपतं हे मला माहीत होतं.

माइंत्सचं ऑफिस छोटं होतं, दहा-बारा माणसांची एजन्सी. आसपासच्या लहान-मोठ्या कंपन्यांच्या वेबसाइट्स करून द्यायची. मालक चाळिशीतला, पायात रंगीत बूट, पहिल्याच वाक्याला अरे-तुरेवर आलेला. जर्मनमध्ये मालकाला शेफ म्हणतात. आमचा शेफ मला म्हणाला, "फोटोशॉप येतं?" मी म्हटलं, उघडता येतं, त्यातून मापं आणि रंग काढून घेता येतात. "सर्व्हर?" थोडाफार. "ग्राहकांशी बोलशील?" माझं जर्मन तेव्हा भाजी घेण्याइतपत होतं. मी हसले. तोही हसला आणि म्हणाला, "हो, हो, येईल. फ्रंटएंड म्हणजे काय शेवटी? ग्राहकाला जे दिसतं ते सगळं."

मला ते वाक्य फार आवडलं. घरी येऊन मी नवऱ्याला ते म्हणूनही दाखवलं.

माझ्या समोरच्या टेबलाशी ग्राफिक डिझायनर बसायची. पन्नाशी ओलांडलेली, पांढरे होत आलेले केस अगदी बारीक कापलेले, थर्मासमधून पुदिन्याचा चहा घेऊन येणारी. तिची सगळी कारकीर्द छापील कामात गेली होती, पोस्टर, माहितीपत्रकं, औषधांची खोकी. वेबसाइट्स ती नंतर शिकली. अजूनही आधी पेन्सिलीने कागदावर काढायची आणि मग कॉम्प्युटर सुरू करायची. पहिल्या दिवशी तिने स्वतःकडे बोट केलं, म्हणाली, "मी काढते," मग माझ्याकडे बोट केलं, "तू बांधतेस. गेनाऊ?" मी म्हटलं, "गेनाऊ." अगदी बरोबर. आमच्या दोघींमध्ये याहून जास्त काही ठरवायची गरज कधी पडली नाही.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. मी पान बांधून झालं की तिला बोलवायचे. ती माझ्या मागे उभी राहायची, चष्मा कपाळावर सरकवायची आणि स्क्रीनवर बोट ठेवायची. "इथे हवा हवी." म्हणजे दोन मजकुरांमध्ये मोकळी जागा. मी आकडा वाढवायचे, ती मान हलवायची, अजून, अजून, बस. माझं जर्मन मी बरंचसं तिच्याकडूनच शिकले. ती हळू बोलायची, आणि मी चुकले तर वाक्य पूर्ण होऊ द्यायची, मग ते बरोबर करून सांगायची.

सगळ्यांच्या हातात स्मार्टफोन आले तशी कामाची तऱ्हा बदलायला लागली. ग्राहक म्हणायचे, साइट फोनवरही तशीच्या तशी दिसली पाहिजे, टॅबलेटवरही, आणि आमच्या गोदामातल्या जुन्या कॉम्प्युटरवरही. एका चित्राची पाच चित्रं झाली आणि दिवस तेवढेच राहिले. शेफ कुठल्याशा परिषदेला जाऊन आला आणि त्याने मला त्याच्या काचेच्या खोलीत बोलावलं.

"यापुढे डिझाइन आणि फ्रंटएंड वेगळं राहणार नाही," तो म्हणाला. "सगळीकडे तसंच चाललंय. तू आता डिझाइनही शिकायला लाग."

"पण डिझायनर आहे ना आपल्याकडे."

"अर्थातच आहे. पण तुला यायला हवं."

मी त्याचा अर्थ लावत राहिले. कौतुक असावं असंही एकदा वाटलं.

काही दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत ती एक जाडजूड पुस्तक घेऊन माझ्या टेबलापाशी आली. मला म्हणाली, "एक विचारू? हसू नकोस." तिने पान उघडलं. "हा महिरपी कंस इथे बंद होतो, मग तिथे परत का उघडतो?"

मी समजावलं. मग विचारलं, "तुला हे कशाला हवंय?"

"शेफ म्हणाला, मला आता कोड यायला हवा. डिझाइन आणि फ्रंटएंड यापुढे वेगळं राहणार नाही म्हणे."

"मला म्हणाला, मी डिझाइन शिकायला हवं."

आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि हसत सुटलो. पलीकडचे लोक वळून बघायला लागले इतक्या. हसणं थांबल्यावर ती पुस्तकाचं पान बोटाने सपाट करत राहिली. मग म्हणाली, "आल्झो, म्हणजे त्याला दोघींपैकी एक हवीय."

"असं कशाला म्हणेल तो," मी म्हटलं. तिने पुस्तक मिटलं.

आम्ही एकमेकींना शिकवायचं ठरवलं. दुपारी ऱ्हाइनच्या काठावरच्या बाकावर डबे घेऊन जायचो. ती मला दुकानांच्या पाट्या दाखवायची, कुठलं अक्षर का चांगलं आणि कुठलं का नाही ते सांगायची. मला फरक कळायचा, पण स्वतः काही मांडायला बसले की माझी पानं एखाद्या लग्नाच्या हॉलच्या जाहिरातीसारखी व्हायची. ती प्रामाणिक होती, कधी खोटं कौतुक केलं नाही. तिची अडचण वेगळी होती. तिला कोड समजायचा, पण पानातला मजकूर स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे हलतो हे तिला सहनच व्हायचं नाही. "मी ठेवलं तिथे ते का राहत नाही?" ती म्हणायची. कागदावर ठेवलेलं तिथेच राहतं. मी ब्राउझरची खिडकी लहानमोठी करून दाखवायचे आणि तिचा चेहरा उतरत जायचा.

त्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई आल्या होत्या. एका संध्याकाळी चहा घेताना म्हणाल्या, "काय गं, तुमचा तो शेफ जेवण बरं करतो का?"

मला आधी कळेचना. मग मी म्हटलं, "अहो आई, शेफ म्हणजे इथे साहेब. मी हॉटेलात नाही काम करत."

"मग नक्की करतेस काय तू?"

"वेबसाइटचं जे दिसतं ना, ते."

"म्हणजे चित्रं?"

"चित्रं दुसऱ्या बाई काढतात. म्हणजे काढायच्या. आता मीही काढायची आहेत."

"आणि त्या काय करणार?"

मुलगी शेजारी रंगवत बसली होती. तिने वर न बघता जर्मनमध्ये सांगितलं की आई कॉम्प्युटरकडे बघते आणि उसासे टाकते. सासूबाईंना ते कळलं नाही, आणि मी त्यांना मराठीत सांगितलं नाही.

नवऱ्याला आमच्या ऑफिसची गंमत वाटायची. त्याच्याकडे सगळं कसं आखलेलं. त्याच्या शेजारचा माणूस कित्येक वर्षं फक्त गाडीच्या दाराच्या रबरी पट्टीवर काम करत होता आणि कुणी त्याला काचेबद्दल विचारलं तर तो म्हणायचा, काचेची माणसं तिसऱ्या मजल्यावर बसतात. "तुला निदान सगळं करायला तरी मिळतं," नवरा म्हणायचा. मी त्याच्याशी वाद घालायचे नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं नेमकं असं काही नव्हतंच. कुणी ओरडत नव्हतं. रोज थोडं थोडं काहीतरी माझ्या बाजूला सरकत होतं, इतकंच. ग्राहकाचे फोटो नीट करणं, बातमीपत्र पाठवणं, कुणाचा ईमेल बंद पडला तर बघणं. विचारलं की उत्तर एकच, अगं, हेही दिसतंच ना.

शेवटी आम्ही दोघी मिळून शेफकडे गेलो. बोलायचं तिनेच ठरवलं होतं, कारण तिची भाषा पक्की.

"आम्हाला फक्त एवढंच सांग," ती म्हणाली, "एखादं पान बिघडलं तर ती जबाबदारी कुणाची?"

"टीमची."

"टीममध्ये आम्ही दोघीच आहोत. काढायचं कुणी आणि बांधायचं कुणी?"

शेफने खुर्ची मागे झुकवली. "तुम्ही दोघी फार कप्प्याकप्प्यांत विचार करता. हे माझं, हे तुझं. आता जग असं चालत नाही." मग जरा थांबून, खरोखर थकलेल्या आवाजात म्हणाला, "मलाही ग्राहक हेच विचारतात, एका माणसात का होत नाही म्हणून. मी त्यांना काय सांगू?"

त्याचं तेही खरंच असणार. आम्ही बाहेर आलो. तिने थर्मास उघडला, चहा ओतला आणि तो तसाच गार होऊ दिला.

त्यानंतर जिन्याच्या लिफ्टचं काम आलं. म्हाताऱ्या माणसांना जिना चढता यावा म्हणून कठड्याला रूळ बसवून त्यावर खुर्ची सरकवतात, ती लिफ्ट. कंपनी एका कुटुंबाची होती. पहिल्या भेटीला आम्ही सगळेच गेलो. त्यांच्या बैठकीच्या खोलीत दाखवण्यापुरता एक छोटा लाकडी जिना आणि त्यावर लिफ्ट बसवलेली होती. बाकीचे कॉफी पीत बोलत असताना माझी सहकारी उठली आणि मालकांना विचारून त्या खुर्चीत बसली. बटण दाबून वर गेली, खाली आली, परत वर गेली. वर थांबून म्हणाली, "इथून सगळ्यात आधी स्वतःचे गुडघे दिसतात. मग जमीन. माणूस घाबरेल." वृद्ध मालक खूश झाले. म्हणाले, आमच्याकडे येणाऱ्या कुणीच आजवर बसून बघितलं नव्हतं. तिने तिथेच पेन्सिल काढून पहिल्या पानाचं चित्र काढलं. एक हात, हाताखाली बटण, आणि पलीकडे वरच्या मजल्यावरचं उजेडाचं दार.

शेफने मात्र त्याच बैठकीत एक कबूल करून टाकलं. साइटवर कुणीही आपल्या घरचा जिना काढायचा आणि त्यावर लिफ्ट कशी बसेल ते लगेच दिसेल, वळणासकट. आणि हे सगळं शरद ऋतूतल्या त्यांच्या व्यापारी प्रदर्शनाच्या आधी.

परतताना मी म्हटलं, "हे फ्रंटएंडचं काम नाही. यात भूमिती आहे, त्रिमिती चित्रं आहेत, मागे मोजमापांचा सगळा हिशोब आहे. याला वेगळी माणसं लागतील."

"पण दिसणार तर स्क्रीनवरच ना?" तो म्हणाला. "आणि तू भारतातली. हे तर तुम्ही लोक झोपेत करता." त्याने ते कौतुकानेच म्हटलं. सहकारी गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होती.

वाटणी अशी झाली की जिना काढायचा तो भाग मी करायचा आणि बाकीची सगळी पानं तिने काढायची आणि बांधायचीही. मी माझ्या भागात इतकी बुडाले की तिच्याकडे बघायला सवड उरली नाही. ती आता मला काही विचारायची नाही. पुस्तक टेबलावर उघडं असायचं. तिची पानं उघडली की मजकूर चित्रांवर चढलेला असायचा, मी न बोलता थोडं दुरुस्त करायचे, दुसऱ्या दिवशी ते परत बिघडलेलं असायचं, कारण तिने ते पुन्हा आपल्या पद्धतीने केलेलं असायचं. आम्ही एकमेकींच्या कामावर काम करत होतो आणि त्याबद्दल बोलत नव्हतो.

एके सकाळी मी आले तर ती कोट घालूनच खुर्चीत बसली होती. स्क्रीन बंद. मला वाटलं, नुकतीच आली असेल. मी माझं काम सुरू केलं, कॉफी आणली, तरी ती तशीच. मी जवळ जाऊन विचारलं, "बरं वाटत नाही का?"

तिने माझ्याकडे बघितलं. "सुरुवात कुठून करायची तेच आठवत नाहीये," ती म्हणाली.

"कशाची सुरुवात?"

"कशाचीच."

मी तिला ट्रामपर्यंत सोडायला गेले. ती माझा हात धरून चालत होती, एरवी कधी हातही न लावणारी बाई. ट्राम आली तेव्हा म्हणाली, "तुझं काम खोळंबलं." त्यानंतर ती ऑफिसात आली नाही. डॉक्टरांनी तिला रजेवर पाठवलं, मग रजा वाढली, आणि तिच्या टेबलावर कुणीतरी नव्या प्रिंटरचं खोकं आणून ठेवलं. शेफ मला म्हणाला, "डिझाइनही आता तूच बघ. तू शिकतेच आहेस."

नवऱ्याने तोवर गंमत करणं सोडलं होतं. "राजीनामा दे," तो म्हणाला. मला तेव्हा असं वाटत होतं की एवढं एक पूर्ण केलं की कुणीतरी कामाच्या वाटणीचा नीट विचार करेल. असं का वाटत होतं, आता सांगता येत नाही.

प्रदर्शनाच्या आधी आम्ही साइट दाखवायला गेलो. शेफच्या लॅपटॉपवर ती बरी दिसत होती. जिन्याचा भाग सरळ जिन्यांपुरताच चालत होता, वळणं जमली नव्हती. ते मी शेफला आधीच सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता, दाखवताना सरळच दाखवू. पण वृद्ध मालक म्हणाले, मला माझ्या कॉम्प्युटरवर बघायचंय. त्यांच्या टेबलावर एक जुनं मशीन होतं आणि त्यात त्याहून जुना ब्राउझर. पान उघडलं. अक्षरं एकावर एक चढली होती, पहिल्या पानावरचा हात अर्धा कापला गेला होता, आणि लिफ्टची खुर्ची जिन्यापासून दूर पांढऱ्या मोकळ्या जागेत लोंबत होती.

मालकांच्या मुलाने घसा खाकरला. शेफ किंचित हसला आणि माझ्याकडे हात करून म्हणाला, "आमचं फ्रंटएंड इथेच आहे. डिझाइन आणि बांधणी, दोन्हीची जबाबदारी तिची."

मी तिथे लागल्यापासून माझं काम काय हे इतक्या स्पष्ट शब्दांत कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

मी म्हटलं, "दुरुस्त करता येईल." माझा आवाज मलाच परका वाटला. मालक बराच वेळ त्या लोंबत्या खुर्चीकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "त्या बाई कुठे आहेत? त्या वर जाऊन बसल्या होत्या त्या."

"त्या आता या प्रोजेक्टवर नाहीत," शेफ म्हणाला.

"वाईट झालं," मालक म्हणाले. एवढंच.

माझा करार मुदतीचा होता. मुदत संपत आली तेव्हा शेफने मला परत त्या काचेच्या खोलीत बोलावलं आणि करार वाढवणार नाही असं सांगितलं. आम्हाला जरा जास्त अष्टपैलू माणूस हवा, असं तो म्हणाला. तो ओशाळलेला होता, मला दारापर्यंत सोडायला आला, म्हणाला तू फार मेहनती आहेस. मी कुंडीतलं माझं रोपटं उचललं. पुदिन्याच्या चहाचं एक अर्धं पाकीट समोरच्या टेबलाच्या खणात राहिलं होतं. ते घ्यावं असं वाटलं, पण घेतलं नाही.

रोजगार कार्यालयात मला एक मध्यमवयीन बाई भेटल्या. त्यांनी कॉम्प्युटरवर माझं नाव टाकलं आणि विचारलं, "तुम्हाला कशात घालू? ग्राफिक की इन्फॉर्माटिक?" मी म्हटलं, दोन्हींच्या मध्ये. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली. "मध्ये असं काही नाहीये हो इथे." मग त्यांनी इन्फॉर्माटिक, म्हणजे संगणकशास्त्र, निवडलं. मुलाखतींना जायला लागले. एका ठिकाणी डिझाइनच्या नमुन्यांची फाइल मागितली, दुसऱ्या ठिकाणी डेटाबेसवर तासभर प्रश्न विचारले, तिसऱ्या ठिकाणी मीच विचारलं, "माझं काम नक्की काय असेल?" समोरच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. एकजण म्हणाला, "तेच तर आपण सगळे मिळून शोधायचं आहे." मला घरी येताना रडू आलं.

अखेर एका विमा कंपनीत नोकरी लागली. दुसऱ्यांनी बांधलेली पानं तपासायची, अंध माणसाच्या वाचक-यंत्राला ती वाचता येतात का, रंग पुरेसे ठळक आहेत का, हे बघायचं आणि चुका लिहून द्यायच्या. दुरुस्त करणारे वेगळे. काम उपयोगाचं होतं, वेळेत संपायचं, आणि कुणी मला दुसरं काही सांगत नसे. मीही काही बांधत नव्हते.

मधल्या काळात मी माझ्या सहकारिणीला अधूनमधून फोन करायचे. बहुतेक वेळा ती उचलायची नाही. एकदा तिने स्वतःहून शनिवारी बोलावलं, घरी नाही, शहराबाहेर तिचा बागेचा छोटा तुकडा होता तिथे. शरद ऋतू संपत आला होता. ती शेंगांचे वाळलेले वेल काठ्यांवरून सोडवत होती. बारीक झाली होती, केस वाढले होते. मला हातमोजे दिले आणि आम्ही काम करत बोललो. मध्यंतरी तिला बरेच आठवडे एका उपचारकेंद्रात ठेवलं होतं. परत कामावर जाणार नाही, लवकर निवृत्ती घेतेय, असं तिने सांगितलं. तिचा आवाज सपाट होता.

"मी घरी चित्रं काढते का, ते विचारू नकोस," ती म्हणाली. "सगळे विचारतात."

मी पुढच्या काठीकडे वळले.

थोड्या वेळाने ती आपणहून म्हणाली, "तीस वर्षं मी चांगली ग्राफिक डिझायनर होते. आणि तिथून निघाले ती वाईट प्रोग्रामर म्हणून. शेवटचं जे असतं ना, तेच राहतं डोक्यात."

"ते खरं नाही," मी म्हटलं.

"मला माहितीये की खरं नाही." तिने एक गाठ सोडवली. "तुझ्या नव्या ठिकाणी कसं आहे? काय करायचं ते स्पष्ट असतं?"

"हो. अगदी."

"मग आवडतं?"

मी वेल ओढत राहिले. अंधार लवकर पडतो त्या दिवसांत. आम्ही काठ्या एकत्र बांधून बागेतल्या झोपडीत ठेवल्या, तिने कुलूप लावलं आणि मला बसच्या थांब्यापर्यंत सोडलं.

त्यानंतर आणखी एकदा भेट ठरली होती, ती तिने रद्द केली. नाताळला मी मेसेज पाठवायचे. दोन वर्षं तिचं उत्तर यायचं, अगदी थोडक्यात, स्वल्पविराम वगैरे जागच्या जागी. मग यायचं थांबलं.